ठाण्याहून कल्याणपर्यंत

काशी-रामेश्वराचीं आणि काश्मीर-नेपाळचीं प्रवासवर्णनें या मासिकाच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहें, तो अवघ्या २० किलोमीटरांचा, ठाण्याहून कल्याणपर्यंतचा. त्यासाठीं शिदोरी बांधावी लागली नाहीं, कीं पंचांग पाहावें लागलें नाहीं. तरीपण त्या दिवशीं रात्रीं घरीं परतलों, तेव्हां हिमालय उतरून आल्याप्रमाणें शीण वाटला. जें पाहिलें व ऐकलें, तें घरोघरच्या वडील मंडळींच्या कानांवर घालावें असें मनांत आलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझें बिऱ्हाड ठाण्यास. मासुंद्याचें तळें, कौपिनेश्वराचें देऊळ आणि १८९३ सालीं स्थापन झालेलें मराठी ग्रंथसंग्रहालय, एवढ्या परिघांत माझीं सेवानिवृत्तीचीं वर्षें सुखानें चाललीं आहेत. आम्हां ठाणेकरांस एका गोष्टीचा अभिमान फार. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी २१ मैल धांवून आमच्याच गांवीं येऊन थांबली. ती कल्याणास पोंचावयास १ मे १८५४ उजाडावा लागला. दूर जाण्याचा जो नाद तेव्हां या गांवाला लागला, तो आजतागायत सुटलेला नाहीं. हल्लीं स्टेशनापासून वागळे इस्टेटीच्या बाजूला चालत गेलें, तर परदेशीं धाडणाऱ्या कचेऱ्यांच्या पाट्या जागोजाग दिसतात. कोणी शिक्षणासाठीं धाडतो, कोणी नोकरीसाठीं. परंतु ‘हमखास’ हा शब्द बहुतेक पाट्यांवर सारखाच. तीस वर्षें मुलांना संस्कृत व व्याकरण शिकविलेल्या माणसाला हें विशेषण खटकावयास पाहिजे होतें. तें मला वेळेवर खटकलें नाहीं, हीच या लेखाची कथा होय.

गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं डोंबिवलीहून आमच्या वडील बंधूंचा फोन आला. “तूं एकदां येऊन जा. पोरगा पोलिसांत जावयाचें म्हणतो. तुझा शब्द तो मोडावयाचा नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. माझा शब्द त्यानें पूर्वीं एकदां मानला होता आणि त्यापायींच हा प्रसंग आला होता, हें दादांच्या ध्यानांत नसावें; माझ्या मात्र होतें. मी जेवण उरकून धिम्या गाडीनें निघालों.

कळवा मागें पडला कीं डावीकडे उजवीकडे खाडीचें पाणी, खारफुटीचें रान आणि वर मुंब्रादेवीचा डोंगर दिसूं लागतो. दुपारची वेळ असूनही डबा भरलेला होता. पाठीवर पिशव्या अडकविलेले तरुण दारांत लोंबकळत होते; कोणी ऐरोलीच्या संगणक-कचेरीची रात्रपाळी करून परतत होता, कोणी मुलाखतीस गेला होता. याच मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजीं सकाळच्या गर्दींत दोन गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांतलीं माणसें खालीं पडलीं आणि कित्येक घरांतले कर्ते पुरुष गेले. ही जागा गाडीनें ओलांडली, तेव्हां डब्यांतल्या बोलण्याचा सूर क्षणभर उतरला, असा मला भास झाला. आपलीं मुलें सातासमुद्रांपलीकडे जावयास कां धडपडतात, असा प्रश्न आपण वडील माणसें देवघरापुढें बसून विचारतों. तो प्रश्न सकाळीं आठ वाजतां दिव्याच्या फलाटावर उभें राहून विचारावा, म्हणजे उत्तर शोधावें लागत नाहीं.

डोंबिवलीस उतरलों. या गांवानें मराठी मध्यमवर्गाला छप्पर दिलें. पु. भा. भावे येथें राहिले, शं. ना. नवरे येथें राहिले. २०१७ सालीं नव्वदावें साहित्यसंमेलन येथेंच भरलें. आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ सालीं प्रथम येथून निघाली, ती आतां गांवोगांव निघते. फडके रोडवरून गणपतीचें दर्शन घेऊन मी दादांच्या घरीं गेलों. तीन खोल्यांत आठ माणसें. आमची नव्वदीची आई, दादा-वहिनी, दोन पुतणे, थोरल्याची बायको-मूल आणि लग्नाची पुतणी. आईनें मला ओळखलें आणि पहिला प्रश्न केला, “माझ्या पाटल्या अमेरिकेस पोंचल्या कां रे?” मीं मान खालीं घातली. दादा खिडकीबाहेर पाहूं लागले.

आतां ती हकीकत सांगावयास हवी. आमचा धाकटा पुतण्या संगणकाचा पदवीधर. पुण्यास तीन वर्षें बऱ्या पगारावर होता. २०२३ च्या आरंभीं त्याला एका ‘कन्सल्टन्सी’नें गांठलें. अमेरिकेंतील उद्योगांना संगणकाचीं माणसें पुरविणें हा अशा संस्थांचा धंदा. ज्या व्हिसावर हीं माणसें जातात, त्याला एच-१बी म्हणतात. तो १९९० च्या कायद्यानें निर्माण झाला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेंतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २० हजार, एवढीच त्याची मर्यादा. अर्ज त्याहून कितीतरी अधिक, म्हणून सोडत काढतात. २०२० पासून ही नोंदणी संगणकावर होऊं लागली आणि एका नांवाची फी अवघी १० डॉलर ठेवण्यांत आली. दहा डॉलरांत एक चिठ्ठी पडते म्हटल्यावर, एकाच उमेदवाराचें नांव तीन-चार संस्थांनीं संगनमतानें घालावें, अशी युक्ति लबाडांना सुचली. आमच्या पुतण्यालाही त्यांनीं सांगितलें, “तीन ठिकाणांहून चिठ्ठी टाकूं, म्हणजे नशीब तिप्पट.”

त्यानें मला विचारलें होतें, “काका, हें योग्य आहे कां?” वाचकहो, मी काय म्हणालों असेन? मी हंसून म्हणालों, “तीन देवांना नवस केल्यासारखेंच कीं तें!” घरांतल्या संस्कृतज्ञ माणसाचा हा निर्णय ठरला. साडेचार लाख रुपये मागण्यांत आले होते. दादांची शिल्लक पुरेना, तेव्हां आईनें हातांतल्या पाटल्या काढून दिल्या आणि त्या मोडण्यांत आल्या. त्या संस्थेचें पत्र मींच वाचलें होतें. त्यांत दोन ठिकाणीं शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मीं तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या. अर्थाची चूक मला दिसली नाहीं.

नवस आणि ही युक्ति यांतील भेद मला पुढें कळला. नोंदणी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला प्रतिज्ञेवर लिहून द्यावें लागे, कीं उमेदवाराची संधि वाढविण्यासाठीं आम्हीं दुसऱ्या कोणाशीं संगनमत केलेलें नाहीं. म्हणजे पहिल्या पायरीसच खोटी शपथ. त्या वर्षीं सोडतीसाठीं सुमारें ७ लाख ५९ हजार नांवें आलीं. त्यांपैकीं सुमारें ४ लाख ९ हजार नोंदी एकाहून अधिक वेळां नांव आलेल्या उमेदवारांच्या होत्या. प्रामाणिकपणें एकच चिठ्ठी टाकणाऱ्या मुलाचा वांटा या गर्दींत किती उरला असेल! अमेरिकन सरकारनें २०२४ सालीं नियम बदलला. चिठ्ठी संस्थेच्या नांवें न धरतां माणसाच्या नांवें, त्याच्या पारपत्रावरून, धरूं लागले. त्यासरशीं नोंदी ४ लाख ७० हजारांवर आल्या. २०२५ सालीं फी २१५ डॉलर झाली आणि आंकडा ३ लाख ४४ हजारांपर्यंत उतरला. एका नियमानें केवढें पीक वाळलें, यावरून तें पीक कशाचें होतें हें समजावें. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें तेथील अध्यक्षांनीं नव्या अर्जावर १ लाख डॉलरांचा आकार जाहीर केला. लबाडांनीं पेरलें तें सर्वांच्याच वांट्याला आलें.

सोडतींत आमच्या पुतण्याचें नांव निघालें, घरांत पेढे वांटले गेले आणि त्यानें पुण्याची नोकरी सोडली. मग खरा प्रकार दिसूं लागला. त्याच्या तीन वर्षांच्या अनुभवाचीं कागदावर सात वर्षें झालीं होतीं. ज्या अमेरिकन कचेरींत काम असल्याचें पत्र जोडलें होतें, तेथें त्याचें नांवही कोणास ठाऊक असेल कीं नाहीं, याची त्याला शंका येऊं लागली. संस्थेचा माणूस म्हणाला, “आधीं पोंचा तर खरे, काम मिळेपर्यंत बेंचवर बसाल.” शाळेंत आम्ही उनाड मुलाला बाकावर उभें करीत असूं, येथें हुषार मुलाला बाकावर बसवितात, तेंही बिनपगारी! वस्तुतः त्या देशाचा कायदा स्पष्ट आहे. काम नसलें तरी आणलेल्या माणसाचा पगार देणें मालकावर बंधनकारक आहे, आणि अर्जाची फी नोकराकडून उकळतां येत नाहीं. टेक्सस राज्यांत डॅलस शहराजवळच्या एका संस्थेच्या चालकांनीं असेंच केलें; माणसें आणावयाचीं आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत बिनपगारी ठेवावयाचीं. त्यांना २०१५ सालीं तेथील ज्यूरीनें दोषी ठरविलें.

हें केवळ गल्लीबोळांतल्या कचेऱ्यांपुरतेंच आहे, असेंही नाहीं. १९८१ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या आणि आपणां सर्वांस भूषणभूत अशा इन्फोसिस कंपनीवरही व्हिसाच्या गैरवापराचा आरोप अमेरिकन सरकारनें ठेवला होता. भेटीसाठीं जाण्याच्या व्हिसावर माणसें नेऊन त्यांच्याकडून नोकरीचें काम करवून घेतलें, असा त्याचा आशय. कंपनीनें आरोप नाकारला, परंतु ऑक्टोबर २०१३ मध्यें ३ कोटि ४० लाख डॉलर देऊन तंटा मिटविला. मोठ्यांना तंटा मिटवितां येतो. लहानांजवळ मिटविण्यासाठीं पाटल्या असतात, आणि त्या आधींच गेलेल्या असतात.

मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील अमेरिकन वकिलातींत पुतण्याची मुलाखत झाली. आदल्या रात्रीं संस्थेनें प्रश्नोत्तरें पाठ करावयास पाठविलीं होतीं. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानें विचारलें, “तुम्ही कोणत्या कचेरींत काम करणार?” मुलानें उत्तर दिलें, “मला पाठ करावयास सांगितलेलें उत्तर ठाऊक आहे. तें काम खरोखर आहे कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं.” व्हिसा मिळाला नाहीं. पैसे परत मिळाले नाहींत. ‘पुढच्या महिन्यांत’ हा वायदा दोन वर्षें चालला, आणि एके दिवशीं त्या कचेरीची पाटीच उतरली. मुलाला मग ठाण्यास पुनः पहिल्या पायरीवरची नोकरी धरावी लागली.

त्या दुपारीं दादा रागानें म्हणाले, “एक वाक्य पाठ म्हटलें असतें, तर आज घराला हे दिवस आले नसते. आतां पोलिसांत गेलों, तर तीन चिठ्ठ्यांचें आपलेंही बाहेर येईल. मुलीचें लग्न जमावयाचें आहे. तूं त्याला समजाव.” पुतण्या कांहीं बोलला नाहीं. तो माझ्याकडे पाहत होता. मला तेथें उत्तर सुचेना, म्हणून मी म्हणालों, “चल बाळ, कल्याणास जाऊन येऊं.”

कल्याण म्हणजे पुराणपुरुष. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नावाड्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत या बंदराचें नांव आहे. तेथें एक चमत्कारिक गोष्ट नमूद आहे. पूर्वीं हें राजमान्य बंदर होतें. पुढें सत्ता बदलली, अडथळे आले आणि चुकून येथें लागलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं. एका बंदराच्या आशेनें निघालेला मनुष्य दुसऱ्याच बंदरीं पहाऱ्यांत पोंचतो, ही गोष्ट जुनी झालेली नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें आपल्या परराष्ट्र मंत्रालयास जाहीर सूचना काढावी लागली, कीं थायलंडमध्यें संगणकाची नोकरी देतों असें सांगून आपल्या तरुणांना म्यानमारमध्यें बेकायदा नेलें जात आहे आणि तेथें त्यांना डांबून ठेवण्यांत येत आहे. आमच्याच ठाण्याच्या एका तरुणाला असेंच लाओसला नेऊन लोकांना ठकविण्याच्या कामास जुंपलें होतें. तो सुटून आला, आणि गप्प न बसतां त्यानें मुंबईस फिर्याद दिली. २०२४ च्या मार्चमध्यें दोघांना अटक झाली आणि पुढें तो तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. हें मला पुतण्यानेंच सांगितलें. “काका, त्यानें तोंड उघडलें म्हणून पुढचे कित्येक वांचले असतील,” एवढेंच तो म्हणाला.

पारनाक्याच्या जुन्या वस्तींतून आम्ही खाडीकडे निघालों. याच कल्याणांत १८६५ सालीं आनंदीबाई जोशी जन्मल्या. ऐन तारुण्यांत, सोबत घरचें कोणी नसतांना, त्या १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन वर्षभराच्या आंत पुण्यास येऊन वारल्या. त्यांच्या धैर्याची थोरवी सर्व गातात. मला त्या दिवशीं दुसरीच गोष्ट आठवली. निघण्यापूर्वीं त्यांनीं श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत भर सभेंत उभें राहून आपण कां जातों, कशा जातों आणि परत येऊन काय करणार, हें स्वच्छ सांगितलें. समाज प्रतिकूल होता, तरी त्यांनीं कांहीं झांकलें नाहीं. कल्याणहून अमेरिकेस जाण्याचा पहिला रस्ता असा उघडा होता.

दुर्गाडीच्या पायथ्याशीं पोंचलों, तेव्हां ओहोटी लागली होती. १६५७ सालीं कल्याण स्वराज्यांत आल्यावर याच खाडीच्या कांठीं महाराजांनीं जहाजें बांधावयास आरंभ केला, असें सांगतात. आज तेथें चिखल उघडा पडला होता. तो पाहून हितोपदेशांतील म्हाताऱ्या वाघाची गोष्ट मनांत आली. हातांत सोन्याचें कंकण दाखवून तो पांथस्थाला बोलावतो, आधीं तळ्यांत स्नान करावयास सांगतो, आणि चिखलांत रुतलेल्या त्या लोभ्याला खाऊन टाकतो. तीस वर्षें मीं ती गोष्ट वर्गांत शिकविली. परीक्षेंत तात्पर्य विचारलें आणि ‘लोभ करूं नये’ असें लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले. आमच्या घरीं मात्र वाघाजवळ कंकणही नव्हतें. सोनें पांथस्थानेंच आणून दिलें, आणि ‘जा बाळ, पाणी उथळ आहे’ असें तात्पर्य शिकविणाऱ्या मास्तरानें सांगितलें.

मीं पुतण्याला विचारलें, “तीन चिठ्ठ्यांचें बाहेर आलें तर?” तो म्हणाला, “तें मी स्वतःच आधीं लिहीन. वकिलातींत खरें बोललों, आतां पोलिसांत अर्धें खरें कां बोलूं?” त्याच्या या वाक्यानंतर मला समजाविण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. उलट समजून घ्यावयाचें होतें.

दिवेलागणीस आम्ही डोंबिवलीस परतलों. मीं दादांना म्हटलें, “दादा, तुम्ही मला याला थांबवावयास बोलावलें, परंतु मी याच्याबरोबर जाणार आहें. तो नवसाचा दाखला माझा होता, असें मी माझ्या जबाबांत सांगेन. मुलीचें स्थळ यावरून मोडलें, तर तें मोडण्याजोगेंच होतें असें समजूं.” दादा पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग उठून आईजवळ बसले आणि त्यांनीं तिला पाटल्यांचें सर्व खरें सांगितलें. ती ऐकून म्हणाली, “मग एवढे दिवस कां लपविलेंत? मी काय पाटल्यांसाठीं जगतें आहें?” त्या घरांत दोन वर्षांनीं सर्वांनीं एकत्र बसून पान वाढून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिघे जाऊन फिर्याद देऊन आलों. पुढें काय निष्पन्न होईल तें होवो. फसवणुकीच्या गुन्ह्यास जुन्या दंडविधानाच्या ४२० कलमान्वये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आमचें प्रकरण १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू होण्यापूर्वींचें असल्यानें त्याच जुन्या कलमाखालीं येतें. पैशांचा दिवाणी दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. लाजेपायीं वाट पाहणाऱ्यांचा हा काळ हां हां म्हणतां निघून जातो.

वडील मंडळींस माझें एवढेंच सांगणें आहे. परदेशीं नोकरीस माणसें धाडणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये सरकारी नोंदणी लागते, आणि त्याला घेतां येणारी दलाली ३० हजार रुपये व वरील कर एवढीच आहे. नोंदणीचा क्रमांक मागावा. सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तो पडताळून पाहावा. याच कायद्यांत आणखी एक गंमत आहे. दहावी पास झालेल्याच्या पारपत्राला उत्प्रवासाच्या तपासणीची अट नाहीं. अशिक्षित मजूर आखाती देशांत जावयास निघाला, तर सरकार त्याचे कागद तपासतें. मॅट्रिक झालेला मनुष्य आपलें हित स्वतः जाणतो, असें धरलें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सरकारनें माझ्यावर ठेवलेला हा विश्वास मीं खरा केला नाहीं. निदान तुम्हीं तो करावा.

रात्रीं परतीच्या गाडींत पुतण्या मला ठाण्यापर्यंत पोंचवावयास आला होता. त्याचें पारपत्र अजून कोरें आहे. अमेरिकेस जावयाची हौसही गेलेली नाहीं. रीतसर मार्ग मिळाला तर जाईन, म्हणतो. मुंब्र्याच्या वळणावर त्यानें माझा दंड धरून मला दारापासून आंत ओढलें. “काका, येथें सांभाळून,” तो म्हणाला. मी आंत सरकलों.